विश्लेषण : विसराळूपणा वयाचा की औषधांच्या डब्याचा?

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात बेलाच्या जुड्यांशेजारी धोतऱ्याची काटेरी फळे विकायला येतात. गिरगाव चौपाटीजवळच्या बाबुलनाथाच्या रांगेत ती अनेकांच्या तबकात दिसतात. हे फळ देवाला वाहायचे, तोंडात घालायचे नाही, हे घरातल्या लहान मुलांनाही बजावलेले असते. धोतरा पोटात गेला तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते, माणूस बरळतो. शुद्धीवर आल्यावर मधल्या तासांचे त्याला काहीच आठवत नाही. धोतऱ्यातली द्रव्ये मेंदूतल्या एका रसायनाची वाट अडवतात म्हणून हे होते. त्याच रसायनाची वाट सर्दी, खाज, झोप, पोटातली कळ आणि लघवीची घाई यांवरच्या अनेक नेहमीच्या गोळ्याही कमीअधिक प्रमाणात अडवतात. उलट अल्झायमर्सच्या रुग्णांना सर्रास दिली जाणारी गोळी हेच रसायन टिकवून धरण्यासाठी असते. घरातल्या ज्येष्ठांच्या डब्यात या दोन्ही गोळ्या शेजारी-शेजारी असू शकतात. हे कसे घडते आणि त्याने काय बिघडते, याचा हा आढावा.

हे रसायन कोणते?

त्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलीन. एका चेतापेशीचा निरोप दुसऱ्या पेशीपर्यंत पोहोचवणारे हे रसायन. १९२१ मध्ये ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाला जाणारी व्हेगस ही चेता उद्दीपित केली, तेव्हा त्याचे ठोके मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर सोडला. त्या हृदयाच्या चेतेला हातही लावला नव्हता, तरी त्याचेही ठोके मंदावले. म्हणजे चेता निरोप पोहोचवताना एखादे रसायन सोडत होती. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक या संशोधनासाठी मिळाले.

शरीरात हे रसायन ठिकठिकाणी काम करते. हाताचा स्नायू आखडणे, तोंडाला लाळ सुटणे, आतड्यांची हालचाल, मूत्राशय रिकामे होणे, हृदयाचा वेग कमी होणे, या साऱ्यांत त्याचा वाटा असतो. नागाचे विष स्नायूंवरची त्याची दारे बंद करते, म्हणून नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वास थांबतो. परळची हाफकिन संस्था ज्या सर्पविषविरोधी लशीसाठी ओळखली जाते, तिचा एक उपयोग नेमका इथे होतो. मेंदूतली दारे बहुतांशी वेगळ्या प्रकारची असतात. धोतरा मुख्यतः त्यांच्यावर बसतो.

मेंदूत ते कुठून येते?

गिरगावच्या नळाला येणारे पाणी मलबार हिलच्या जलाशयातून येते. जलाशय एका जागी, नळ मात्र गल्लोगल्ली. मेंदूतली रचना बरीचशी अशीच आहे. मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी, चेतापेशींचा एक लहान पुंजका असतो. व्हिएन्नाचे शास्त्रज्ञ थिओडोर मायनर्ट यांच्या नावावरून त्याला ‘मायनर्टचा न्यूक्लिअस बेसॅलिस’ म्हणतात. या पुंजक्यातून निघालेले तंतू मेंदूच्या बाह्यपटलावर सर्वदूर पसरतात आणि तिथे अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात. त्याच्या शेजारच्या दुसऱ्या एका गटाचे तंतू हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे नव्या आठवणी जिथे आकार घेतात त्या भागाकडे जातात. मार्सेल मेसुलम यांनी १९८३ मध्ये अशा पेशींची सहा गटांत वर्गवारी केली. या सगळ्या वाटांना मिळून कोलिनर्जिक मार्ग म्हणतात.

पाण्याचेच उदाहरण पुढे नेले तर तीन जागा लक्षात ठेवायच्या. पहिली जागा जलाशय, म्हणजे रसायन तयार करणाऱ्या पेशी. दुसरी नळ, म्हणजे समोरच्या पेशीवरची दारे, ज्यांना रिसेप्टर म्हणतात. तिसरी मोरी, म्हणजे काम झाल्यावर रसायनाचे तुकडे करून त्याचा निचरा करणारे अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर. आजार पहिल्या जागी होतो, अल्झायमर्सची गोळी तिसऱ्या जागी काम करते आणि घोटाळा करणाऱ्या गोळ्या दुसऱ्या जागी.

स्मृतीशी संबंध कसा कळला?

धोतऱ्यात आढळणारे एक द्रव्य म्हणजे स्कोपोलामिन. १९७४ मध्ये डेव्हिड ड्रॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने निरोगी तरुण स्वयंसेवकांना स्कोपोलामिन देऊन त्यांच्या स्मृतीच्या चाचण्या घेतल्या. त्या तरुणांच्या चुकांचा नमुना वृद्धांच्या चुकांशी मिळताजुळता निघाला. नवी माहिती साठवणे त्यांना जड जात होते. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांना अल्झायमर्सने मरण पावलेल्यांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणाऱ्या यंत्रणेची मोठी घट आढळली. १९८२ मध्ये पीटर व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी थेट जलाशयाकडे बोट दाखवले. त्यांनी तपासलेल्या रुग्णांच्या मेंदूत न्यूक्लिअस बेसॅलिसमधल्या तीन चतुर्थांशांहून अधिक पेशी नाहीशा झाल्या होत्या.

मात्र हे रसायन नुसते आठवणी साठवण्यापुरते नाही. विनय पारीख, मार्टिन सार्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड बसवले. एखादी खूण दिसली की उंदराने ठरावीक प्रतिसाद द्यायचा होता. खूण उंदराने हेरली, तर अ‍ॅसिटिलकोलीनची पातळी काही सेकंदांपुरती उसळी घेत असे. खूण नजरेतून निसटली, तर ती उसळी दिसत नसे. तोपर्यंत या रसायनाकडे मेंदूची एकंदर जाग राखणारा, सावकाश काम करणारा घटक म्हणून पाहिले जात होते. ते नेमक्या क्षणी, नेमक्या जागी लक्ष वेधण्याचेही काम करते, हे या प्रयोगातून पुढे आले.

घरातल्या अनुभवाशी याचा जवळचा संबंध आहे. ‘सकाळी सांगितले होते, तरी विसरले’ असे आपण म्हणतो. पण अनेकदा ती गोष्ट विसरली गेलेली नसते, मुळात नोंदलीच गेलेली नसते. लक्ष गेले नाही तर आठवण कसली राहणार?

अल्झायमर्सची गोळी नेमके काय करते?

जलाशयातल्या मेलेल्या पेशी परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून संशोधकांनी मोरीकडे लक्ष वळवले. निचरा थोडा कमी केला तर उरलेले पाणी जास्त वेळ पुरेल, हा विचार. त्यातून १९९३ मध्ये अमेरिकेत टॅक्रिनला मान्यता मिळाली, पण यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. १९९६ मध्ये डोनेपेझिल आले. रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही त्याच गटातली पुढची औषधे. ती आजार थांबवत नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्ष, स्मृती आणि रोजचे व्यवहार थोडे सावरून धरतात. कपडे स्वतः घालणे, नातवाला नावाने हाक मारणे आणखी काही महिने जमले, तर घरच्यांसाठी ती लहान गोष्ट नसते.

निचरा किती रोखायचा, याला मात्र मर्यादा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांचा हल्ला याच विकरावर होतो, तोही फार जोरात. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते, लाळ आणि घाम थांबत नाही, छातीत स्राव भरतो, श्वास कोंडतो. अशा विषबाधेवर डॉक्टर अ‍ॅट्रोपिन टोचतात, आणि अ‍ॅट्रोपिन हे धोतऱ्यातलेही एक द्रव्य आहे. एकाच यंत्रणेची दोन टोके अशी एकमेकांना छेद देतात. योग्य वेळी हा छेद जीव वाचवतो. पण नकळत, रोज, सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूत तो होत राहिला तर?

वाट अडवणाऱ्या गोळ्या कोणत्या?

अ‍ॅसिटिलकोलीनची दारे अडवणाऱ्या औषधांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. त्यांतली बरीच आपल्या ओळखीची आहेत. सर्दीच्या अनेक संयुक्त गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. खोकल्याच्या काही सिरपमध्ये डायफेनहायड्रामिन असते. खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन, पोटात कळ आली की डायसायक्लोमिन, मधुमेहामुळे पायांची आग होत असेल किंवा झोप लागत नसेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीची घाई आवरण्यासाठी ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन किंवा सोलिफेनासिन, कंप आणि काही मानसिक आजारांच्या औषधांसोबत ट्रायहेक्सिफेनिडिल, अशी ही यादी आहे. या सर्वांचा मेंदूवरचा परिणाम सारखा नाही. काही औषधे मेंदूत जास्त शिरतात, काही कमी.

ही औषधे वाईट आहेत, असा याचा अर्थ नव्हे. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत, ठरावीक काळासाठी ती उपयोगाची आहेत. चाळिशीतल्या माणसाने सर्दीसाठी तीन दिवस गोळी घेतली तर फार तर पेंग येईल. सत्तरीनंतर गणित बदलते. जलाशय आधीच उतरलेला असतो, मूत्रपिंड आणि यकृत औषधाचा निचरा सावकाश करतात आणि अशा दोन-तीन गोळ्या एकाच वेळी चालू असू शकतात. प्रत्येकीचा परिणाम थोडा, पण बेरीज मोठी. तोंड कोरडे, बद्धकोष्ठता, धूसर दिसणे, तोल जाणे आणि डोक्यात गोंधळ अशी ती बेरीज दिसते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची तर साध्या सर्दीच्या गोळीनेही लघवी अडू शकते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या ‘बीअर्स’ निकषांत यांतली अनेक औषधे ज्येष्ठांसाठी शक्यतो टाळावीत, असे नमूद आहे.

एका गोळीमागून दुसरी कशी येते?

समजा, लालबागच्या चाळीतल्या एका आजोबांना डोनेपेझिल सुरू झाले. हे औषध मेंदूपुरते थांबत नाही. मूत्राशयातही अ‍ॅसिटिलकोलीनच काम करते. तिथेही ते वाढले की लघवीची घाई होऊ शकते. शौचालय गॅलरीच्या टोकाला, सामायिक. रात्री तीनदा उठायचे, अंधारात चालत जायचे, कधी वाटेतच कपडे ओले व्हायचे. आजोबा संकोचतात, घरचे काळजीत पडतात. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे होते. ‘लघवी आवरत नाही’ एवढेच सांगितले जाते, स्मृतीच्या गोळीचा विषय निघत नाही. ते डॉक्टर लघवीची घाई कमी करणारी गोळी लिहून देतात. ती मूत्राशयातली दारे बंद करते, पण मेंदूत पोहोचली तर तिथलीही करते. महिन्याभरात घरचे म्हणू लागतात, ‘यांचा आजार वाढला.’ मग पहिल्या गोळीची मात्रा वाढवली जाते.

आजोबा काल्पनिक असले तरी ही साखळी काल्पनिक नाही. वैद्यकात तिला ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ म्हणतात. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध दिले जाते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे ४५ हजार स्मृतिभ्रंशग्रस्त ज्येष्ठांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. डोनेपेझिलच्या गटातली औषधे घेणाऱ्यांना पुढे लघवी आवरण्यासाठी अँटिकोलिनर्जिक औषध दिले जाण्याची शक्यता, ती न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दीडपट होती. एकाच नळाची मोरी बुजवायची आणि वरून नळही बंद करायचा, असा हा प्रकार. खर्च दोन्ही गोळ्यांचा, फायदा जवळपास कुणाचाच नाही.

या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश होतो का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली, तात्पुरता गोंधळ. तो या औषधांनी होतो याबद्दल वाद नाही, आणि औषध बदलल्यावर तो बहुतेकदा कमी होतो. दुसरी, कायमचा आजार. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल परिसरातल्या ६५ वर्षांवरील ३,४३४ जणांचा सरासरी सात वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधे सर्वाधिक प्रमाणात घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दीडपट आढळला. हे ‘सर्वाधिक प्रमाण’ म्हणजे, उदाहरणार्थ, क्लोरफेनिरामिन ४ मिलिग्रॅम किंवा ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम रोज, ३ वर्षांहून अधिक काळ.

पण अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. झोप उडणे, नैराश्य, लघवीचे त्रास ही स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची लक्षणेही असू शकतात. म्हणजे आजार आधी सुरू झाला आणि त्याच्या लक्षणांसाठी गोळी आली, असेही घडलेले असेल. म्हणून ‘सर्दीच्या गोळीने अल्झायमर्स होतो’ असा संदेश फिरवणे चूक. आणि ‘सिद्ध झालेले नाही’ म्हणून या गोळ्या वर्षानुवर्षे चालू ठेवणेही चूकच.

गिरगाव ते लालबाग पट्ट्यात हा प्रश्न का महत्त्वाचा?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या वेळी पंचविशी-तिशीत असलेले कामगार आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. गिरगाव, दादरच्या अनेक इमारतींतही मुले उपनगरांत किंवा परदेशी, आणि मूळ घरात दोन ज्येष्ठ, असे चित्र आहे. भारतात ६० वर्षांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला.

या पट्ट्यात डॉक्टरांची वानवा नाही. परळमध्ये केईएम १९२६ पासून आहे, टाटा मेमोरियल आणि वाडिया रुग्णालयेही तिथेच आहेत. गल्लीतला दवाखाना आणि कोपऱ्यावरचे मेडिकल तर हाकेच्या अंतरावर. अडचण वेगळीच आहे. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, लघवीचे वेगळे, मेंदूचे वेगळे. प्रत्येकाचा कागद वेगळा. त्यात मेडिकलमधून ‘मागच्या वेळचीच द्या’ म्हणून आणलेली गोळी आणि शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून घेतलेले सिरप कोणत्याच कागदावर येत नाही. पूर्वी घरातली सगळी दुखणी ज्याला तोंडपाठ असत तो फॅमिली डॉक्टर हा हिशेब ठेवत असे. आता तो हिशेब कुणाकडेच नाही. पाकिटावर घटकांची नावे असतात, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. मोतीबिंदू झालेल्या आजींनी ती कशी वाचायची?

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. यांतली काही औषधे एकदम थांबवल्यास मळमळ, अस्वस्थता, झोपमोड असा उलट त्रास होतो आणि मूळ आजारही उसळू शकतो. दुसरी, घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णे, जे असेल ते एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवावे. ‘यातले कोणते आता नको आहे?’ हा प्रश्न थेट विचारावा. तिसरी, नवी तक्रार सांगताना ‘ही कोणत्या गोळीनंतर सुरू झाली’ हेही सांगावे. चौथी, पर्याय विचारावेत. अ‍ॅलर्जीसाठी मेंदूवर कमी परिणाम करणारी नवी औषधे आहेत. लघवीच्या घाईसाठी मिराबेग्रॉनसारखे वेगळ्या वाटेने काम करणारे औषध आहे. संध्याकाळनंतर चहा कमी करणे, ठरावीक वेळी लघवीला जाण्याची सवय लावणे, रात्री खोलीत कमोडची खुर्ची किंवा भांडे ठेवणे, हे उपायही आहेत. सामायिक शौचालयाच्या चाळीत ती खुर्ची कधीकधी गोळीपेक्षा जास्त कामाची ठरते.

विसराळूपणा वाढला की बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्यावी. ही कारणे उपचारांनी सुधारू शकतात. आणि माणूस दोन-तीन दिवसांत अचानक गोंधळला, तर ‘वय झाले’ म्हणून वाट पाहू नये. जंतुसंसर्ग, सोडियमची घट, पक्षाघात किंवा नवी गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

व्यवस्थेचे काय?

सगळा भार घरच्यांवर टाकून चालणार नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘सध्या चालू असलेली सर्व औषधे’ हा रकाना असावा आणि ६५ वर्षांवरील रुग्णासाठी तो भरल्याशिवाय नवे औषध लिहिले जाऊ नये. महापालिकेच्या दवाखान्यांतून वर्षातून एकदा ज्येष्ठांच्या औषधांची छाननी व्हावी. त्यासाठी ना महागडे यंत्र लागते ना नवी इमारत. प्रशिक्षित औषधनिर्माता आणि पंधरा मिनिटे एवढीच तिची गरज. मेडिकलमधल्या औषधनिर्मात्याने ‘यांना स्मृतीची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारले, तरी काही साखळ्या पहिल्याच कडीला तुटतील. पाकिटावर ‘ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे’ ही ओळ ठळक मराठीत छापली, तर आणखी काही.

अल्झायमर्सवर जगभर नवी, महागडी औषधे शोधली जात आहेत. ती जरूर यावीत. पण जलाशय भरण्याचा उपाय सापडेपर्यंत निदान आपल्याच हाताने नळ बंद करणे थांबवता येईल. त्याची सुरुवात औषधांचा डबा टेबलावर रिकामा करून, प्रत्येक गोळी कशासाठी आहे हे विचारण्यापासून होते. ज्या गोळीचे उत्तर घरात कुणालाच देता येत नाही, ती घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे.